स्क्लेरोथेरपी

स्क्लेरोथेरपी ही पायांतील फुगलेल्या शिरांवर आणि त्वचेलगत दिसणाऱ्या बारीक लाल-निळ्या शिरांवर केली जाणारी इंजेक्शनची उपचारपद्धती आहे. या उपचारात बिघडलेल्या शिरेत एक विशिष्ट औषध सोडले जाते. औषधामुळे शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होते, तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि ती शीर बंद होते. बंद झालेल्या शिरेचे हळूहळू तंतुमय ऊतीत रूपांतर होते व काही महिन्यांत ती विरून जाते. ग्रीक भाषेतील 'कठीण' या अर्थाच्या शब्दावरून या पद्धतीला हे नाव मिळाले आहे.

फुगलेल्या व वेड्यावाकड्या शिरांना मराठी वैद्यकीय परिभाषेत 'अपस्फीत नीला' म्हणतात. बोलीभाषेत 'व्हेरिकोज व्हेन्स' किंवा 'पायाच्या शिरा फुगणे' हे शब्दप्रयोग अधिक प्रचलित आहेत. स्क्लेरोथेरपीने बिघडलेली शीर बंद होते. मात्र ती ज्या कारणाने बिघडली ते कारण त्यामुळे नाहीसे होत नाही. म्हणून उपचारापूर्वीची तपासणी आणि उपचारानंतरची जीवनपद्धती या दोन्ही गोष्टींना इंजेक्शनइतकेच महत्त्व आहे.

शिरांची रचना आणि विकाराचे स्वरूप

हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी आणि शरीराकडून हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या वाहिन्यांना नीला किंवा शिरा म्हणतात. पायांत शिरांची दोन जाळी असतात. स्नायूंच्या आत खोलवर असणाऱ्या शिरांमधून पायातील सुमारे ९० टक्के रक्त वर जाते. उरलेले रक्त त्वचेखालील वरवरच्या शिरांमधून वाहते. वरवरच्या शिरांपैकी सर्वांत लांब शीर घोट्याच्या आतल्या बाजूने निघून मांडीवरून जांघेपर्यंत जाते, तर दुसरी प्रमुख शीर पोटरीच्या मागून गुडघ्याच्या लवणीपर्यंत जाते. ही दोन्ही जाळी ठिकठिकाणी जोडशिरांनी एकमेकांना जोडलेली असतात.

पायातील रक्ताला गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढावे लागते. हे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आकुंचन पावली की खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. माणूस स्तब्ध उभा असताना घोट्याजवळच्या शिरांतील दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर इतका असतो. निरोगी पायात चालू लागताच तो ३० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो.

झडपा निकामी झाल्या की वर गेलेले रक्त पुन्हा खाली उतरते. शिरेतील दाब चालतानाही पुरेसा कमी होत नाही. शीर रुंदावते, त्यामुळे झडपेच्या पाकळ्या एकमेकींपासून आणखी दूर जातात आणि विकार खालच्या भागात पसरतो. प्रथम पाय जड वाटणे, संध्याकाळी घोट्याला सूज येणे, रात्री पोटरीत गोळे येणे, खाज सुटणे अशी लक्षणे दिसतात. पुढे घोट्याभोवतीची त्वचा काळसर व कडक होते आणि अखेरीस तेथे लवकर न भरणारा व्रण पडू शकतो.

या विकाराच्या पायऱ्या ठरविण्यासाठी १९९४ मध्ये एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण तयार करण्यात आले. पुढे त्यात सुधारणा झाल्या. त्यानुसार बारीक कोळीजाळ्यासारख्या शिरा ही पहिली पायरी, फुगलेल्या शिरा ही दुसरी, सूज ही तिसरी, त्वचेतील बदल ही चौथी, भरून आलेला व्रण ही पाचवी आणि उघडा व्रण ही सहावी पायरी मानली जाते. प्रत्येक रुग्णात विकार या सर्व पायऱ्या चढतोच असे नाही.

कारणे

आनुवंशिकता, वाढते वय, गर्भारपण, स्थूलपणा, खोल शिरेत पूर्वी झालेली रक्ताची गुठळी आणि दीर्घकाळ उभे राहण्याचे काम ही या विकाराची प्रमुख कारणे किंवा त्याला पोषक परिस्थिती होय. स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे १८ ते ६४ वर्षे वयाच्या नागरिकांच्या पाहणीत सुमारे ४० टक्के पुरुषांत आणि ३२ टक्के स्त्रियांत फुगलेल्या शिरा आढळल्या. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. हा विकार केवळ स्त्रियांचा आहे ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते. बाह्य रूपाची चिंता न करणारे पुरुष उपचारासाठी उशिरा येतात, हे त्या समजुतीमागचे एक कारण असू शकते.

कामाच्या स्वरूपाचा परिणाम डेन्मार्कमधील एका दीर्घकालीन अभ्यासातून स्पष्ट झाला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १२ वर्षांच्या रुग्णालयीन नोंदी तपासण्यात आल्या. मुख्यतः उभ्याने काम करणाऱ्यांना या विकारासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका इतरांच्या तुलनेत पुरुषांत १.७५ पट आणि स्त्रियांत १.८२ पट आढळला.

प्राचीन भारतीय वैद्यकातही शिरांच्या गाठींचे वर्णन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'सिराज ग्रंथी' या विकाराचा उल्लेख असून दुर्बल माणसाने केलेल्या अतिश्रमांशी त्याचा संबंध जोडला आहे. आयुर्वेदाचे अनेक अभ्यासक या वर्णनाची तुलना आजच्या अपस्फीत नीलांशी करतात.

इतिहास

शिरेत औषध सोडण्याची कल्पना इंजेक्शनच्या पिचकारीबरोबर विकसित झाली. १८५३ मध्ये फ्रान्समधील ल्योन येथील शल्यविशारद शार्ल प्रावाझ यांनी धातूची पोकळ सुई जोडलेली पिचकारी तयार केली आणि तिच्या साहाय्याने लोहाचा क्षार रक्तवाहिनीत सोडून रक्त गोठविण्याचे प्रयोग केले. त्यानंतर इतर वैद्यांनी फुगलेल्या शिरांवर हा उपाय करून पाहिला. त्या काळची द्रव्ये दाहक होती आणि निर्जंतुकीकरणाचे तंत्र अद्याप रुळलेले नव्हते. त्यामुळे पू होणे, त्वचा सडणे असे अपाय वारंवार होत. १८९४ मध्ये ल्योन येथील वैद्यक परिषदेत ही पद्धत त्याज्य ठरविण्यात आली.

विसाव्या शतकाच्या आरंभी उपदंशावरील औषधे शिरेतून दिली जाऊ लागली. ज्या शिरेत ती दिली जात, ती शीर कडक होऊन बंद पडते, असे वैद्यांच्या लक्षात आले. या निरीक्षणातून पद्धतीचे पुनरुज्जीवन झाले. जर्मनीत पाउल लिन्झर यांनी आणि फ्रान्समध्ये जाँ सिकार यांनी निरनिराळी द्रव्ये वापरून पाहिली. १९४६ मध्ये सोडियम टेट्राडेसिल सल्फेट या द्रव्याचा वापर सुरू झाला. पोलिडोकॅनॉल हे आज सर्वाधिक वापरले जाणारे दुसरे द्रव्य मूळचे बधिरीकरणाचे औषध होते. १९६० च्या दशकात जर्मनीत ते शिरांच्या उपचारासाठी वापरले जाऊ लागले.

आयर्लंडमधील डब्लिन येथील शल्यविशारद जॉर्ज फेगन यांनी १९६० च्या दशकात इंजेक्शननंतर पायावर सलग दाब देणे आणि रुग्णाला लगेच चालावयास लावणे यांवर भर दिला. शिरेत रक्त उरले नाही तरच तिच्या भिंती नीट चिकटतात, हे त्यामागील तत्त्व होते. पुढे १९७४ मध्ये इंग्लंडमधील हॉब्स यांच्या तुलनात्मक अभ्यासातून मोठ्या शिरांच्या मुळाशीच दोष असेल तर केवळ द्रव इंजेक्शनचा परिणाम काही वर्षांत ओसरतो असे दिसून आले.

या मर्यादेवर फेसाने बऱ्याच अंशी मात केली. १९९० च्या दशकात स्पेनमधील हुआन काब्रेरा यांनी औषधाचा सूक्ष्म बुडबुड्यांचा फेस वापरला. २००० मध्ये इटलीतील लोरेन्झो तेस्सारी यांनी दोन सिरिंज आणि तीन तोंडांची तोटी एवढ्याच साहित्यातून फेस तयार करण्याची सोपी रीत मांडली. विशेष यंत्र लागत नसल्याने ही रीत जगभर पसरली.

औषधे आणि त्यांचे कार्य

पोलिडोकॅनॉल आणि सोडियम टेट्राडेसिल सल्फेट ही दोन्ही द्रव्ये साबणासारखी कार्य करतात. शिरेच्या अस्तरातील पेशींच्या पटलांत मेद असतो; ही द्रव्ये ती पटले विस्कळीत करतात. काही ठिकाणी तीव्र मिठाचे पाणी किंवा ग्लिसरीनही वापरले जाते.

औषधाची तीव्रता शिरेच्या जाडीनुसार ठरते. १ मिलिमीटरपर्यंतच्या कोळीजाळ्यासारख्या शिरांसाठी ०.५ टक्के आणि १ ते ३ मिलिमीटर जाडीच्या जाळीदार शिरांसाठी १ टक्का पोलिडोकॅनॉल वापरले जाते. याहून मोठ्या शिरांसाठी अधिक तीव्र औषध फेसाच्या स्वरूपात देतात. एक भाग औषध आणि चार भाग हवा किंवा कार्बन डायऑक्साइड एकत्र घुसळून हा फेस बनवतात. द्रव औषध रक्तात मिसळून पातळ होते. फेस मात्र रक्ताला बाजूला सारून शिरेच्या भिंतीशी अधिक काळ संपर्कात राहतो. त्यामुळे कमी औषधात अधिक परिणाम साधतो.

उपचारापूर्वीची तपासणी

त्वचेवर दिसणारी शीर ही अनेकदा खोलवरच्या दोषाची केवळ खूण असते. जांघेजवळची झडप निकामी असताना पोटरीवरील शीर तेवढी बंद केली, तर वरून येणारा दाब दुसरी शीर फुगवतो. म्हणून रुग्णाला उभे करून कलर डॉपलर सोनोग्राफी करतात. रक्त कोठून उलटे उतरते, खोल शिरा मोकळ्या आहेत काय आणि जुनी गुठळी आहे काय, हे या तपासणीत कळते. मोजक्या कोळीजाळ्यासारख्या शिरा असून इतर कोणतेही लक्षण नसेल, तर वैद्यकीय तपासणीवरून या चाचणीची गरज ठरवली जाते. पूर्वीची ऍलर्जी, अर्धशिशी, गुठळीचा कौटुंबिक इतिहास आणि चालू असलेली औषधे यांची माहितीही रुग्णाने देणे आवश्यक असते.

उपचाराची पद्धत

हा उपचार बाह्यरुग्ण विभागात होतो. भूल द्यावी लागत नाही. रुग्णाला झोपवून त्वचा निर्जंतुक करतात. बारीक शिरांसाठी ३० गेजची अतिशय बारीक सुई वापरतात आणि एका जागी औषधाचा अल्प अंश सोडतात. मोठ्या शिरांच्या बाबतीत सुई शिरेतच आहे याची खात्री सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून करतात. औषध शिरेबाहेर सांडले तर त्वचेला व्रण पडू शकतो आणि ते चुकून रोहिणीत गेले तर गंभीर इजा होते. त्यामुळे हे काम प्रशिक्षित डॉक्टरानेच करावे लागते. फेसाचे प्रमाण एका बैठकीत साधारणतः १० मिलिलिटरच्या आत ठेवतात.

एक बैठक बहुधा अर्ध्या तासात संपते. शिरांच्या संख्येनुसार काही आठवड्यांच्या अंतराने दोन किंवा अधिक बैठका लागतात. उपचारानंतर रुग्णाला काही वेळ देखरेखीखाली ठेवतात. तीव्र ऍलर्जीची प्रतिक्रिया क्वचितच येते. तरी ती आल्यास हाताशी असावीत म्हणून ऍड्रेनॅलिनसह तातडीची औषधे उपचाराच्या जागी ठेवणे अनिवार्य मानले जाते.

उपचारानंतरची काळजी

इंजेक्शननंतर पायाला क्रेप बँडेज किंवा दाब देणारे लांब मोजे घालतात. ते किती दिवस वापरावयाचे हे शिरेच्या जाडीवर अवलंबून असते. रुग्णाने लगेच थोडा वेळ चालणे अपेक्षित असते, कारण चालण्याने खोल शिरांतील रक्तप्रवाह वेगवान राहतो आणि गुठळीचा धोका कमी होतो. पहिले काही दिवस फार वेळ स्तब्ध उभे राहणे, जड वजन उचलणे, गरम पाण्याचा शेक आणि लांबचा प्रवास टाळण्यास सांगतात. शीर प्रथम कडक दोरीसारखी लागते व काही काळ अधिक ठळकही दिसते. बारीक शिरा नाहीशा होण्यास ३ ते ६ आठवडे, तर मोठ्या शिरांना काही महिने लागतात.

परिणामकारकता

बारीक व जाळीदार शिरांसाठी स्क्लेरोथेरपी हा प्रथम पसंतीचा उपचार आहे. मुख्य शिरांच्या दोषात मात्र चित्र वेगळे आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशा रुग्णांना प्रथम लेसर किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर बंद करण्याचा उपचार द्यावा, तो शक्य नसल्यास सोनोग्राफीच्या साहाय्याने फेस-इंजेक्शन द्यावे आणि तेही शक्य नसल्यास शस्त्रक्रिया करावी. ब्रिटनमधील ७९८ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत पाच वर्षांनंतर लेसर व शस्त्रक्रिया यांचे परिणाम फेसापेक्षा सरस आढळले. फेस-इंजेक्शनचा खर्च कमी असतो आणि ते पुन्हा देता येते, या त्याच्या जमेच्या बाजू आहेत.

व्रण झालेल्या रुग्णांत लवकर उपचाराचे महत्त्व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका ब्रिटिश चाचणीने दाखवून दिले. ४५० रुग्णांपैकी ज्यांच्या दोषी शिरा फेस किंवा उष्णतेच्या साहाय्याने लवकर बंद करण्यात आल्या, त्यांचे व्रण भरून येण्याचा मध्यमान काळ ५६ दिवस होता. ज्यांना प्रथम केवळ दाबपट्टी बांधली, त्यांच्यात तो ८२ दिवस होता. रोजंदारीवरील श्रमिकाच्या दृष्टीने २६ दिवसांचा हा फरक सुमारे महिन्याभराच्या मजुरीइतका ठरतो.

दुष्परिणाम आणि निषेध

इंजेक्शनच्या जागी खाज, सूज किंवा काळेनिळेपणा येणे सामान्य आहे. शिरेच्या मार्गावर तपकिरी डाग पडणे हा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम असून तो बहुधा काही महिन्यांत फिका होतो, क्वचित कायम राहतो. काही रुग्णांत उपचार केलेल्या जागेभोवती नव्या अतिसूक्ष्म लाल शिरांचे जाळे उमटते. वरवरच्या शिरेचा दाह, फेसानंतर काही वेळ डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा अर्धशिशीचा झटका हेही संभवतात. खोल शिरेतील गुठळी, ऍलर्जीची तीव्र प्रतिक्रिया आणि पक्षाघात हे धोके गंभीर असले तरी विरळ आहेत. उपचारानंतर पाय एकाएकी सुजला, पोटरी फार दुखू लागली, दम लागला, छातीत दुखले किंवा बोलणे अडखळू लागले, तर तत्काळ रुग्णालयात जावे.

गर्भवती आणि स्तनदा स्त्रिया, औषधाची ऍलर्जी असलेले, खोल शिरेत ताजी गुठळी असलेले, अंथरुणाला खिळलेले आणि पायातील रोहिणींचा गंभीर विकार असलेले रुग्ण यांना हा उपचार सामान्यतः देत नाहीत. गर्भारपणात फुगलेल्या शिरा प्रसूतीनंतर काही महिन्यांत बऱ्याच ओसरतात, म्हणून त्यावेळी वाट पाहणे श्रेयस्कर ठरते.

इतर उपयोग

मूळव्याधीच्या आरंभीच्या अवस्थेत बदामतेलातील फिनॉलचे इंजेक्शन देण्याची रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. यकृताच्या विकारात अन्ननलिकेतील शिरा फुटून रक्तस्राव झाल्यास दुर्बिणीतून असे इंजेक्शन देत असत. आता तेथे रबरी कडीने शीर आवळण्याला प्राधान्य दिले जाते. जन्मजात लसवाहिन्यांच्या गाठींवरही ही पद्धत वापरतात.

पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्टा आणि वाकड

महाराष्ट्रात या विकाराचा व्यवसायाशी असलेला संबंध समजून घेण्यासाठी पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा बोलके उदाहरण आहे. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील औषध कारखाना स्थापन झाला. पुढे वाहननिर्मिती आणि तिच्यावर अवलंबून असणारे सुटे भागांचे उद्योग येथे वाढले व चाकणपर्यंत पसरले. जुळणीच्या साखळीवर, यंत्रावर किंवा तपासणीच्या टेबलाशी काम करणारा कामगार पाळीचा बहुतांश वेळ एकाच जागी उभा असतो. चालण्याने पोटरीचा पंप सुरू राहतो. स्तब्ध उभे राहण्याने तो थांबतो.

मुंबई-बंगळूर महामार्गालगतचे वाकड हे एकेकाळचे शेतीप्रधान गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा भाग असून हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाला लागून आहे. येथे संगणकासमोर तासन्‌तास बसणारे नोकरदार आणि इमारतींच्या फाटकांवर, दुकानांत व उपाहारगृहांत तासन्‌तास उभे राहणारे श्रमिक एकाच परिसरात आढळतात. पाय खाली सोडून दीर्घकाळ बसण्यानेही पोटरीचा पंप निष्क्रिय राहतो. पहिल्या गटातील व्यक्ती पायावरील बारीक निळ्या रेषा दिसताच उपचाराची चौकशी करू शकते. दुसऱ्या गटातील व्यक्तीला रजा व मजुरी यांच्या हिशेबात व्रण पडेपर्यंत दुखणे अंगावर काढावे लागण्याची शक्यता अधिक असते. वैद्यकीयदृष्ट्या उपचाराची अधिक निकड मात्र दुसऱ्याच व्यक्तीला असते. या परिसरात संत तुकारामनगर येथील महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि विमाधारक कामगारांसाठी मोहननगर, चिंचवड येथील कामगार विमा रुग्णालय या सार्वजनिक संस्था आहेत.

कामाच्या जागी बसण्याची सोय हा कायद्याचाही विषय आहे. उभ्याने काम करावे लागणाऱ्या सर्व कामगारांना, कामात खंड न पडता विश्रांतीची संधी मिळेल तेव्हा बसता यावे, यासाठी योग्य व्यवस्था ठेवण्याची तरतूद कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ४४ मध्ये करण्यात आली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही अशा बैठकव्यवस्थेचा समावेश आहे. दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याचा हक्क देणारे बदल केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये आपापल्या कायद्यांत केले.

प्रतिबंध आणि प्रथमोपचार

उभ्याने काम करताना दर काही मिनिटांनी टाचा उचलणे, शक्य तेथे चार पावले चालणे, बसून काम करणाऱ्यांनी घोटे वरखाली हलवणे, वजन आटोक्यात ठेवणे, रात्री पाय उशीवर किंचित उंच ठेवणे आणि वैद्यकीय सल्ल्याने दाबमोजे वापरणे यांमुळे लक्षणे कमी होतात. बंद शिरेमुळे पायाचा रक्तप्रवाह अडेल ही भीती निराधार आहे. बहुतांश रक्त खोल शिरांतूनच वाहत असल्याने बिघडलेली शीर बंद झाल्यावर अभिसरण उलट सुधारते.

फुगलेली शीर साध्या धक्क्यानेही फुटू शकते व त्यातून मोठा रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी रुग्णाला उभे ठेवू नये किंवा खुर्चीत बसवू नये. त्याला तत्काळ आडवे निजवून पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर उचलावा, जखमेवर स्वच्छ कापडाने थेट दाब द्यावा आणि पायावर वर करकचून दोरी बांधू नये. पाय उंच करताच शिरेतील दाब उतरतो आणि बहुतेक वेळा एवढ्याने रक्त थांबते. त्यानंतर रुग्णाला डॉक्टरांकडे न्यावे, कारण तीच शीर पुन्हा फुटू शकते.